धुऱ्याकडची ओळ

धानाच्या बांधीत रोवणीला बारा बाया होत्या. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंड्या एकशे चाळीस, चिखल करून तयार असलेल्या बांध्या दोन, नुसतं पाणी भरून ठेवलेली एक, आणि चहाची किटली एक. मारोतरावानं बाया दोनदा मोजल्या. पहिल्यांदा डोकी मोजली, मग वाकलेल्या पाठी. बारांतल्या दोन घरच्या होत्या, मुलगी रितिका आणि धाकटी बहीण तारा. म्हणजे मजुरीच्या दहा. गोपिका मुकादमीण मजुरी सांगत होती अकरा बायांची.

"अकरावी कोणती वं?" त्यानं विचारलं.

"अकरावी मी नाई का," गोपिका धुऱ्यावरूनच म्हणाली. "बाया काय आपोआप येते तुमच्या वावरात?"

"तू तं उभी हायेस."

"मी उभी हाय म्हणून त्या वाकून राहिल्या ना, भाऊ."

बाया वाकल्या वाकल्याच हसल्या. एक जण म्हणाली, "मारोतभाऊ, आता चिखलातले पाय मोजा. दोनानं भागजा, म्हणजे पक्कं."

मारोतराव हसला नाही. यंदा रामटेकच्या आसपास रोवणीला बाया मिळत नव्हत्या. पऱ्हे गुडघ्याएवढे वाढून बसले होते आणि आज या टोळीला राग आला असता तर उद्या ती दुसऱ्याच्या बांधीत दिसली असती. त्यानं अकरा मान्य केल्या, पण मनात दहाच ठेवल्या.

त्याचा स्वभावच तसा होता. त्याच्या पिशवीत एक किलोचं लोखंडी वजन असायचं. दुकानात काही घेतलं, की आधी ते वजन दुकानदाराच्या काट्यावर ठेवायचं, काटा एक किलो दाखवतो का ते पाहायचं, मगच माल मोजू द्यायचा. इलेक्ट्रॉनिक काटे आले तरी त्याचं वजन पिशवीतून निघालं नाही. दुकानदार तोंड वाकडं करत. तो म्हणायचा, "मी तुमच्यावर शक नाई करून राहिलो. काट्यावर करून राहिलो."

बाया एका रांगेत रोवत मागं मागं सरकत होत्या. डाव्या हातात पेंडी, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं चिखलात जात, वर येत. तारा नेहमीप्रमाणं रांगेच्या उजव्या टोकाला होती, धुऱ्याला लागून. छत्तीस वर्षांची, जन्मापासून बहिरी, तोंडातून दोन-चार आवाज काढणारी. तिला मधे उभं केलं, की ती पेंडी उचलून पुन्हा उजव्या काठाला जायची. काठाला ओळ वेडीवाकडी येते, धुऱ्यावर पाय टेकवता येतो, कंबर सरळ करता येते. म्हणून दुसऱ्याच्या वावरात टोळीबरोबर गेली की गोपिका तिला इतर बायांपेक्षा पन्नास रुपये कमी द्यायची. मारोतरावालाही ते रास्त वाटायचं. कानानं गेली आहे, डोक्यानं नाही, असं तो म्हणायचा.

दुपारी बाया भाकरी सोडायला बसल्या तेव्हा सुशीलची मोटरसायकल पांदणीच्या वाटेत थांबली. सुशील हा मारोतरावाच्या बायकोचा, जिजाबाईचा, भाचा. जरीपटक्यात त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान होतं. बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून तो धुऱ्यावरून एकेक पाय टाकत आला.

"मावसाजी, सीट धरून ठेवली मी. शुक्रवार शेवटचा दिवस. स्पेशल बीएड. बहिऱ्या-मुक्या लेकरांच्या मास्तरीणीची डिग्री. आता प्रत्येक शाळेत एक लागणार म्हणते."

"कोण म्हणते?"

"सरकार म्हणते."

"कोणाले म्हणते?"

सुशीलनं ते सोडून दिलं. "दोन वर्षांची फी एक लाख दहा. वरून पंधरा हजार हजेरीचे."

"हजेरीचे म्हणजे?"

"म्हणजे रितिका इथं राहीन अन् हजेरी तिथं लागन. रोवणीले घरी, कापणीले घरी. पेपरले तेवढं यायचं. खोली नाही, मेस नाही. नोकरी लागली की पन्नास हजारापासून सुरू. अडीच महिन्यात पैसे वसूल."

हिशेब इतका सरळ होता की मारोतरावानं भाकरीचा घास हातातच ठेवला. "अन् तुले काय भेटते यातून?"

"मले? घरचं काम आहे मावसाजी."

"घरचं काम तं तू तुह्या घरचंही करत नाईस गा."

रितिका गुडघ्यापर्यंतचा चिखल धुऊन येत होती. रामटेकच्या कॉलेजातून तिनं यंदाच बीएस्सी केलं होतं, रसायनशास्त्रात. बोलताना ती आधी थांबायची, जणू आत काही मोजून घेते. "दादा, मी घरी बसून नाही करणार. घरी बसून शिकलेली मास्तरीण बहिऱ्या लेकरासमोर उभी राहून काय करन?"

"पगार घेईन," सुशील म्हणाला.

बाया पुन्हा हसल्या. तारानं हसणाऱ्या तोंडांकडं पाहिलं, मग रितिकाकडं, मग सुशीलच्या बुटांकडं, आणि भाकरीवर ठेचा पसरत राहिली.

रात्रीची जेवणं झाल्यावर जिजाबाई कढत तेलात हळद घालून ताराच्या पायाच्या बोटांमधे लावत होती. चिखल्यांनी कातडी पांढरी होऊन फाटली होती. तेल लागलं की तारा दातांमधून श्वास ओढायची. मारोतराव खाटेवर, रितिका उंबऱ्याला टेकून.

"मग सांग तुहा हिशेब," मारोतराव म्हणाला.

"दुसरं एक कॉलेज आहे, नागपुरातच. बहिऱ्या मुलांच्या शाळेला जोडलेलं. फी वर्षाची अडतीस हजार. पण रोज जावं लागते. खोली अन् मेस महिन्याचे साडेचार हजार. बस, पुस्तकं, पाठाचं सामान धरून दोन वर्षांचे दोन लाख दहा हजार."

"अन् पगार?"

"कंत्राटी लागला तं सोळा हजार. वर्षातले अकरा महिने. खाजगी शाळेत याहून कमी."

मारोतरावानं जिजाबाईकडं पाहिलं. "सव्वा लाखात पन्नास हजाराची नोकरी हाय. दोन लाख दहात सोळाची. अन् ही पोट्टी दुसरी मागून राहिली. बीएस्सीत काय शिकवलं हिले?"

"सोळावर लागलेली बाई मला माहीत आहे बाबा. पन्नास घेणारी सुशीलदादानं दाखवली का तुम्हाला?"

"तुले कुठं भेटली थे बाई?"

रितिका उंबऱ्यावरची माती नखानं खरवडू लागली. मारोतरावाला महिनाभरापासून दिसत होतं. फोन आला की ती गोठ्यामागं जायची आणि तिथून बोलायची, तोंडावर हात धरून. नागपुरात खोली, रोज बाहेर जाणं, दोन वर्षं. या साऱ्या हट्टामागं बहिरी लेकरं आहेत की आणखी कोणी, हा प्रश्न त्याच्या जिभेवर आला होता, पण तारासमोरही त्यानं तो गिळला. ताराला ऐकू येत नव्हतं तरी तिच्यासमोर काही गोष्टी बोलायला त्याला बरं वाटायचं नाही.

चुलीपाशी मांजरीनं दुधावरची थाळी पाडली. तारानं पाय आखडून मान वळवली, जिजाबाईच्याही आधी. मांजर पळाली.

"पाहा बरं," जिजाबाई म्हणाली. "हिले माझ्या आधी समजते."

"जमीन हालते," मारोतराव म्हणाला. "पायातून समजते तिले. बैलालेही समजते."

रितिका ताराच्या पायांकडं पाहत राहिली. पाय त्या वेळी जमिनीवर नव्हते, जिजाबाईच्या मांडीवर होते. रितिका काय पाहते आहे ते मारोतरावानं पाहिलं आणि खाटेवर कूस बदलली.

"उद्या टोळी दुसरीकडं हाय," तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला. "आपण नागपूरले जाऊ. ताराले घेऊन."

"आत्याला कशाला?"

"बहिऱ्याईले शिकवाचं कॉलेज हाय ना? मंग बहिरीशी बोलून दाखवा म्हणा. ज्याले बोलता येईन, त्याचा माल खरा."

जिजाबाईचा तेलाचा हात थांबला. "बहीण हाय ती तुमची. किलोचं वजन नोहे."

"म्हणूनच तं," मारोतराव म्हणाला. "हे वजन माह्या घरचं हाय. याच्यात फसवता नाई येत."

सकाळच्या एसटीत तारा खिडकीशी बसली. कन्हानच्या पुलावर तिनं दोन्ही हात काचेला लावून खालचं पाणी पाहिलं. बाकी वेळ ती रितिकाला निरखत होती, तिची नवी ओढणी, पिशवी, वेणी. एकदा तिनं रितिकाच्या गालाला बोट लावून स्वतःच्या कपाळावर आडवी रेघ ओढली आणि भुवया वर केल्या. रितिकाला अर्थ लागला नाही. तिनं नुसती मान हलवली.

सुशीलचं कॉलेज जरीपटक्याच्या बाजारात कापडाच्या दुकानांवर होतं. जिन्यात चपलांचे खोके रचलेले. वर दोन खोल्या, त्यातल्या खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं. प्रीतम सर म्हणून एक गृहस्थ टेबलामागून उठले.

"या, या. सुशीलनं सांगितलं."

"हे माही बहीण," मारोतराव म्हणाला. "बहिरी हाय. हिच्याशी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. तिचं नाव विचारा."

प्रीतम सर सुशीलकडं पाहून हसले. मग टेबलावर हात टेकून ताराच्या तोंडाशी वाकले आणि ओरडले, "नाम क्या है आपका?" खालच्या दुकानातल्या माणसानं जिन्यातून डोकं वर काढलं. तारानं सरांच्या दातांकडं पाहिलं. सर आणखी मोठ्यानं ओरडले. मग त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहून तिच्यापुढं धरलं. तारानं कागद घेतला, उलटा-सुलटा केला आणि घडी घालून पोलक्यात ठेवला.

"ओरडून होत असतं साहेब," मारोतराव म्हणाला, "तं आमच्या गावात गळ्याईची कमी नाई."

"मावसाजी, सर ऑफिसचे आहेत," सुशील म्हणाला. "शिकवणारे वेगळे."

"त्याईले बोलाव."

"ते आज सुट्टीवर आहेत."

"सगळेच?"

सरांनी ताराला बिस्किटाचा पुडा दिला. तिनं तो घेतला नाही. मग तो सुशीलनं फोडला.

दुसरं कॉलेज शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं, दोन बस बदलून. अंगणात मधली सुट्टी चालू होती. बहिऱ्या मुलांचं अंगण शांत असेल असं मारोतरावाला वाटलं होतं. पण तिथं पायांचा, बाकांचा, डब्यांच्या झाकणांचा इतका गोंगाट होता की त्याला रितिकाशी मोठ्यानं बोलावं लागलं. तारा फाटकातच थांबली. मुलं हातांनी भांडत होती, हातांनी चिडवत होती. एक पोरगी बोटांनी काही सांगत होती आणि तिच्याभोवतीच्या चौघी पोट धरून हसत होत्या. तारानं रितिकाचा हात सोडला.

तिथं शिकवणाऱ्या वंदना मॅडम चाळिशीच्या, डोळ्यांखाली काळं, खांद्याला जड पिशवी. आधी त्या मारोतरावाशी बोलल्याच नाहीत. त्या ताराजवळ गेल्या, तिला घेऊन वर्गाच्या फरशीवर बसल्या आणि हात मांडीवर ठेवून नुसत्या थांबल्या. बराच वेळ गेला. मग तारानं अंगठा आणि दोन बोटं फरशीवर टोचली, एकदा, दोनदा, आणि मागं सरकल्यासारखं केलं. मॅडमनंही तसंच केलं. तारानं कंबर धरून तोंड वाकडं केलं. मॅडमनं स्वतःचा गुडघा दाखवून त्याहून वाकडं केलं. तारा हसली. मग तिचे हात सुरू झाले. शिंगं, दूध, नाकातली नथ, डोक्यावरचं ओझं. मॅडम मधेच थांबवायच्या, एखादी खूण पुन्हा करायला लावायच्या, मान हलवायच्या. शेवटी तारानं रितिकाकडं बोट केलं आणि कपाळावर ती आडवी रेघ ओढली.

"काका, हिचं लग्न ठरलं का?" मॅडमनी विचारलं.

"कोणाचं?"

"रितिकाचं. ताराताई विचारताहेत. कपाळावर मुंडावळ्या दाखवताहेत ना. म्हणतात, घरी किती दिवस झाले सगळे तोंड हालवून राहिले, पैशाचं बोलून राहिले, आज नवे कपडे घालून निघाले. पोरीचं लग्न कुठं आहे ते मला कोणी सांगत नाही."

रितिकानं खाली पाहिलं. मारोतरावानं टोपी काढून पुन्हा घातली. "तिले काय सांगाचं," तो म्हणाला. "तिले समजत नाई."

"विचारलं तर त्यांनी."

पैशाचं त्यानंच काढलं. मॅडमनी सांगायला आढेवेढे घेतले नाहीत. अकरा वर्षं झाली. सोळा हजारांपासून सुरू केलं, आता चोवीस. कंत्राट दरवर्षी नवं. मार्चचा पगार यंदा जूनमधे झाला.

"मंग माह्या पोरीले काहून बोलावून राहिल्या तुमी?"

"मी नाही बोलावलं. तुमच्या गावातल्या शाळेत एका मुलाला पाहायला आले होते तेव्हा तिनं माझा नंबर घेतला. महिनाभर फोन करून विचारते. काय शिकवता, कसं शिकवता, पगार किती, कापतात किती. मी एकदा तिला नको पण म्हटलं."

गोठ्यामागचे फोन. मारोतरावाला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याला वाटलं, हे दोघींनी आधीच बसवून ठेवलेलं असावं. आणि तेवढ्यात मॅडमनी, ताराची पाठ असताना, तिच्या डाव्या बाजूला किल्ल्यांचा जुडगा वाजवला. ताराची मान किंचित वळली. उजवीकडं वाजवला. वळली नाही.

"काका, कान कधी तपासलेत का हिचे?"

"लहानपणी कामठीच्या डाक्टरनं पाहिलं होतं. बापानं नेली होती. दोन्ही मेले म्हणाला."

"कशानं पाहिलं होतं?"

"टाळी वाजवून."

"डाव्या कानात काहीतरी शिल्लक आहे, मला वाटतं. तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात होते. थोडं ऐकू येत असेल त्या कानाला मशीन लावता येते."

मशीन हा शब्द ऐकला आणि मारोतरावाला सगळं जागेवर बसल्यासारखं झालं. फुकट कोणी बहिरीशी फरशीवर बसत नाही. "मशीन तुमीच विकता का?" त्यानं विचारलं.

मॅडमच्या तोंडावर राग आला आणि गेला. त्या उठताना गुडघा धरून उठल्या. "नाही," त्या म्हणाल्या.

फाटकाबाहेर आल्यावर मारोतराव थांबला. "इकडं ये वं, उन्हात नको उभी राहू," तो रितिकाला म्हणाला, आणि मग एका दमात बोलला. "हिच्या कानाचं तुह्या मॅडमनं सांगितलं थे खरं निघालं, तं तू इथं शिक. दोन लाख दहा मी देतो. गोऱ्ह्यांची जोडी विकली त्याचे हायेत. खोटं निघालं, तं सुशीलच्या कॉलेजात, घरी बसून. मंग कटकट नाई पायजे."

"आत्याच्या कानावर माझं शिक्षण?"

"जिचं बोलणं खरं, तिची डिग्री खरी. मी आणखी कायच्यावरून ओळखू?"

रितिकानं फाटकातून आत वर्गाकडं पाहिलं. "ठीक आहे," ती म्हणाली.

दवाखान्यातली तारीख गुरुवारची मिळाली. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाईनं आधीच सांगून ठेवलं, आवाज आला की खूण करायची एवढं तरी पेशंटला समजायला हवं. नाही समजलं तर ही तपासणी होणार नाही, मग दुसरी मोठी तपासणी करावी लागेल आणि तिची तारीख दोन महिन्यांनंतर.

रितिकानं घरी मातीच्या परातीत चिखल केला आणि ताराच्या पुढ्यात पऱ्ह्यांची पेंडी ठेवली. जिजाबाईच्या हातून ताराच्या कानाशी थाळी वाजवली आणि स्वतः एक काडी रोवली. पुन्हा थाळी, पुन्हा काडी. तारा पाहत राहिली. तिसऱ्या-चौथ्या वेळेस तिनं रितिकाच्या हातातली पेंडी काढून घेतली. भाचीची काडी वाकडी लागत होती.

"तिचे पाय जमिनीले लागून राहिले," मारोतराव दारातून म्हणाला.

रितिकानं तिला खाटेवर बसवलं.

"खाटेचे पाय तं जमिनीले हायेत."

त्यानं स्वतः कोंड्याची चार पोती आणली आणि खाटेचा एकेक पाय पोत्यावर ठेवला. मग म्हणाला, तारा रितिकाच्या डोळ्यांकडं पाहते. रितिका अंगणात गेली. मग म्हणाला, जिजाबाईची सावली भिंतीवर पडते. जिजाबाई थाळी टाकून उठली. "तुमीच वाजवा मंग. माह्यावर शक घ्याले लगन केलं होतं का?"

मारोतराव ताराच्या मागं उभा राहिला, डाव्या अंगाला. थाळीवर त्यानं चमचा टेकवला. ताराची वेणी, मानेवरचा रोवणीचा काळपट रापलेला पट्टा, पोलक्याची उसवलेली शिवण. त्यानं वाजवलं. ताराचा हात परातीत गेला. तो थांबला, बराच वेळ थांबला. हात गेला नाही. त्यानं हळू वाजवलं. हात गेला. उजवीकडं जाऊन जोरात वाजवलं. तारा परातीतल्या काड्या सरळ करत होती.

जिजाबाई चुलीपाशी उभी होती. "उजव्या काठाले काहून राहते थे समजलं का आता? तिथून सगळ्या बाया डाव्या अंगाले येते. त्याईच्या गोष्टी ऐकू येत असन काही."

"काठाले काम कमी राहते म्हणून राहते," मारोतराव म्हणाला. पण त्यानं ते परातीकडं पाहून म्हटलं. "अन् थाळीचा आवाज म्हणजे बोलणं नोहे. मशीन सांगन थे खरं."

गुरुवारी बाहेर पडताना त्यानं नोटांची पुरचुंडी बंडीच्या आतल्या खिशात घातली. कोणत्याही कॉलेजात द्यायचे झाले तरी उद्या शेवटचा दिवस होता. सुशीलचे फोन एसटीतच सुरू झाले. "मावसाजी, एकदा दिले की दिले. सीट हातची जाईन." मारोतराव फक्त हूं म्हणत होता.

तपासणीच्या खोलीत काचेची एक पेटीसारखी छोटी खोली होती. आत खुर्ची, कानाला लावायचे दोन गोळे. इथली डॉक्टरीणबाई तरुण होती. बाहेर बाकावर चाळीसेक माणसं वाट पाहत होती आणि तिच्या आवाजात ती सगळी होती. "समजते का यांना काही? नाहीतर वेळ जाईल."

"समजते," रितिका म्हणाली. "मी आत उभी राहू?"

"नाई," मारोतराव म्हणाला. "हिले बाहेर पाठवा डाक्टर. ही इशारे करन. मी राहतो."

रितिकानं बापाकडं पाहिलं. तिच्या हातात ओढणीचं टोक होतं, ते तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि ती दाराबाहेर गेली.

लहान मुलांसाठी ठेवलेली भोकांची एक पाटी आणि खुंट्या डॉक्टरीणबाईनं ताराच्या मांडीवर दिल्या. एकदा मोठा आवाज सोडून एक खुंटी स्वतः लावून दाखवली. तारानं मान हलवली. दार बंद झालं.

"मले कसं समजन?" मारोतरावानं विचारलं.

"इथं आकडा येईल. जितका मोठा आकडा, तितका कान वाईट. पंचवीसपर्यंत चांगला. नव्वदच्या पुढं म्हणजे तुम्ही म्हणता तसा मेलेला. सत्तरच्या आत असेल तर मशीन लावून बोलणं ऐकू येते. लहानपणी लावलं तर मूल बोलतेही."

"कितव्या वर्षी?"

"दोन-तीन वर्षांचं असताना. आता गप्प राहा काका."

आधी उजवा. डॉक्टरीणबाई एकेक बटण फिरवत होती. काचेपलीकडं ताराचे हात पाटीवर स्थिर होते. आवाज वाढत गेला, इतका की गोळ्यांमधून बाहेरही बारीक शीळ ऐकू येऊ लागली, तेव्हा कुठं एक खुंटी लागली. मारोतरावानं श्वास सोडला. त्याचा हात बंडीवर गेला, खिशावर.

मग डावा.

तारानं मान किंचित कलती केली. खुंटी लागली. डॉक्टरीणबाईनं आवाज कमी केला. खुंटी लागली. आणखी कमी केला. तारा डोळे मिटून बसली होती. खुंट्या ती पलीकडच्या कडेपासून लावत होती, एक ओळ भरली की हात आपल्याकडं एक घर मागं घ्यायची आणि दुसरी ओळ धरायची. बाहेर बाकावरचं कोणाचं तरी मूल रडलं. मारोतरावाच्या खिशातला फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. त्यानं तो काढला नाही.

मग एका जागी ताराचा हात थांबला. डॉक्टरीणबाईनं आवाज थोडा वाढवला. खुंटी लागली. कमी केला. हात थांबला. असं तिनं तीनदा केलं आणि तिन्ही वेळा तसंच झालं. तिनं काचेचं दार उघडलं, ताराच्या कानांवरचे गोळे काढले, यंत्रातून निघालेला कागद फाडला, त्यावर सही केली आणि मारोतरावाच्या हातात दिला.

त्यानं तो दाराबाहेर उभ्या असलेल्या रितिकाकडं दिला. "वाच."

रितिकानं वाचला.

"उजवा कान, सत्त्याण्णव डेसिबल. डावा कान, चौसष्ट."